आकडा तोच, ओझे दुप्पट

महामंदी हा शब्द उच्चारला की आजही डोळ्यांसमोर येते ती न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट. २४ ऑक्टोबर १९२९ चा तो गुरुवार, पाठोपाठ आलेला २९ ऑक्टोबरचा मंगळवार, त्या एका दिवसात हात बदललेले १ कोटी ६४ लाख शेअर आणि रस्त्यावर दाटलेली टोपीवाल्यांची गर्दी. २०२९ साली या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतील, तेव्हा जगभरची वृत्तपत्रे हीच छायाचित्रे पुन्हा छापतील आणि त्यांच्याखाली नेहमीची कथाही सांगतील, की दिवाळे निघालेल्या दलालांनी उंच इमारतींच्या खिडक्यांतून उड्या टाकल्या. कथा चटकदार आहे; खरी मात्र फारशी नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी त्या काळातील न्यूयॉर्कचे मृत्यूचे आकडे तपासले, तेव्हा आत्महत्यांची अशी लाट त्यांना कुठे आढळली नाही. आत्महत्या वाढल्या त्या पुढच्या वर्षांत. १९३२ साली अमेरिकेत त्यांचे प्रमाण शिगेला पोहोचले. तोवर शेअरबाजारातला आकांत ओसरून गेला होता आणि जी माणसे मरत होती ती वेगळीच होती. सुमारे १२ कोटी वस्तीच्या त्या देशात शेअरबाजाराशी प्रत्यक्ष संबंध असलेले लोक गालब्रेथ यांच्या हिशेबाने जेमतेम १५ लाख. मग उरलेल्यांच्या घरांवरून हा वरवंटा का फिरला, हा खरा प्रश्न आहे. आणि खिडकीतून उडी टाकणाऱ्या दलालाच्या चित्राने नेमका तोच प्रश्न झाकला जातो.

बाजाराची कथा थोडक्यात आटोपता येते. शेअरच्या किमतीच्या दहा टक्के रोख भरायचे, उरलेले दलालाकडून उसने घ्यायचे आणि भाव चढला की विकून मोकळे व्हायचे, असा तो उसन्या पैशावरचा जुगार होता. ३ सप्टेंबर १९२९ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर आला. १९२९ ची पातळी पुन्हा दिसण्यास १९५४ साल उजाडावे लागले. मोठी पडझड खरीच. पण शेअरबाजार कोसळला म्हणजे देश कोसळलाच पाहिजे असा काही सृष्टीचा नियम नाही. १९८७ साली त्याच वॉल स्ट्रीटवर एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक घसरण झाली आणि अमेरिकेचा संसार फारसा विस्कटला नाही. १९२९ च्या घसरणीची महामंदी झाली ती नंतर घेतल्या गेलेल्या निर्णयांमुळे, आणि काही निर्णय घेतलेच गेले नाहीत म्हणून.

त्यांतला पहिला निर्णय बँकांच्या बाबतीतला. ठेवींना विम्याचे संरक्षण नसलेल्या त्या काळात बँक बुडाली की ठेवीदाराची आयुष्यभराची पुंजी तिच्याबरोबर जाई, आणि त्या गावची बातमी शेजारच्या गावात पोहोचली की तिथल्या सुदृढ बँकेच्या दारातही रांग लागे. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद पडली. नाव सरकारी वाटावे असे, बँक मात्र खाजगी. तिच्या सुमारे चार लाख ठेवीदारांत कपडे शिवणारे, छोटी दुकाने चालवणारे स्थलांतरित ज्यू मोठ्या संख्येने होते. ती वाचवण्याच्या वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँकांना टाळे लागले. बाजारात फिरणारा पैसा जवळजवळ एकतृतीयांशाने आटला. अशा घबराटीच्या वेळी बँकांच्या पाठीशी उभे राहण्यासाठीच १९१३ साली फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक स्थापन झाली होती. तिच्या धुरीणांनी हे सारे पाहिले आणि बहुतांशी पाहतच राहिले. दुबळ्या बँका गेल्याने व्यवस्था शुद्ध होईल, असा विचार त्या काळी प्रतिष्ठित मानला जात होता. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांचा सल्ला हाच होता, की कामगार, शेअर, शेती, घरे साऱ्यांचा हिशेब एकदाचा मिटू द्यावा, म्हणजे समाजातील सडका भाग आपोआप गळून पडेल, असे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. मेलन हे स्वतः अमेरिकेतील अतिश्रीमंतांपैकी एक होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसरा निर्णय सोन्याचा. त्या काळी प्रमुख देशांची चलने सोन्याच्या ठरावीक वजनाशी बांधलेली होती. देशातून सोने बाहेर जाऊ लागले की व्याजाचे दर चढवायचे आणि पैसा आवळायचा, हा सुवर्णमानाचा शिरस्ता. भरभराटीच्या दिवसांत तो शहाणपणाचा दिसे. मंदीत त्याचा अर्थ असा होई, की रोग्याला ग्लानी आली असता वैद्याने आणखी रक्त काढावे. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची क्रेडिटानस्टाल्ट ही बलाढ्य बँक कोसळली, जुलैत जर्मन बँकांची पाळी आली, २१ सप्टेंबर १९३१ रोजी खुद्द ब्रिटनने सुवर्णमान सोडले. आता अमेरिकेच्या सोन्यावर ओढ बसेल या भीतीने फेडरल रिझर्व्हने ऑक्टोबरमध्ये काही दिवसांतच व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. लाखो लोक बेकार असताना, बँका पटापट मिटत असताना! सोन्याची गाठ ज्यांनी लवकर सोडली ते देश लवकर सावरले आणि जे तिला शेवटपर्यंत कवटाळून बसले ते अधिक काळ खितपत पडले, हे आज इतिहासकार बॅरी आयकेनग्रीन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुराव्यांनिशी मांडले आहे. त्यातच जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयातीवर जबर जकात बसवली. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी अध्यक्षांना सही न करण्याची विनंती केली होती, सही झाली. इतर देशांनी उट्टे काढले आणि आधीच खंगत चाललेला जागतिक व्यापार आणखी आक्रसला.

पैसा आटला, म्हणजे भाव पडले. आणि इथे महामंदीचे खरे मर्म आहे. वस्तू स्वस्त झाल्या तर सामान्य माणसाचे भलेच होईल, असे वरकरणी वाटते. पण ज्याने कर्ज काढले आहे त्याचे काय? भाव उतरतात, मजुरी उतरते, उत्पन्न उतरते. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र उतरत नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एखाद्या शेतकऱ्याने गहू बुशेलला एक डॉलर असताना हजार डॉलर काढले, तर ते फेडण्यास त्याला हजार बुशेल गहू पुरे. १९३२ मध्ये भाव ४० सेंटच्याही खाली गेला. म्हणजे तेच हजार डॉलर फेडण्यास अडीच हजार बुशेलही पुरेनात. जमीन तेवढीच, बैल-अवजारे तीच, कर्जाचा आकडाही तोच. ओझे मात्र दुपटीहून जास्त. ते फेडण्यासाठी प्रत्येक जण अधिक पेरतो, अधिक विकतो, आणि सगळ्यांनी मिळून विकल्याने भाव आणखी खाली जातो. हा दुष्ट फेरा १९३३ साली येल विद्यापीठाच्या अर्व्हिंग फिशर यांनी शास्त्रीय भाषेत मांडला. शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत, अशी ग्वाही १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळण्यापूर्वी देणारे ते हेच फिशर. त्यांची स्वतःची संपत्ती त्या पठारावरून खाली आली आणि मगच त्यांना कर्जदाराच्या डोळ्यांनी बाजार दिसला, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा या सधन राज्यांतील शेतकरी हा स्वभावाने बंडखोर नव्हे. चर्चला जाणारा, कर वेळेवर भरणारा. १९३२-३३ मध्ये याच शेतकऱ्यांनी रस्ते अडवून दुधाचे कॅन ओतून दिले. गहाण पडलेल्या शेताचा लिलाव पुकारला गेला की शेजारीपाजारी शेकड्यांनी जमत. बोली लागे ती चार-दोन सेंटांची. कोणी परका खरेदीदार चढी बोली बोलू लागला तर त्याच्या खांद्यावर एखादा दणकट हात पडे. धान्याच्या कोठाराच्या दारावर फासाचा दोर टांगलेला असे तो निराळाच. लिलाव संपला की शेजारी ते शेत, ती गुरे मूळ मालकाला परत करीत. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातील ल मार्स गावी जमावाने एका न्यायाधीशाला कोर्टातून ओढून काढले आणि गळ्यात दोर अडकवला. जप्तीच्या हुकमांवर आपण सही करणार नाही, असे त्याने वदावे, ही मागणी. त्याने ते वचन दिले नाही आणि अखेर जमावालाच पाय मागे घ्यावा लागला. कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या देशात ही वेळ आली ती त्या माणसांचे माथे फिरले म्हणून की हिशेबाची रीतच फिरली म्हणून, याचा विचार तेव्हाच्या वॉशिंग्टनने वेळीच केला नाही.

याच काळात शहरांत पावाच्या रांगा लागलेल्या होत्या. मका इतका स्वस्त झाला की काही ठिकाणी तो कोळशाऐवजी शेगडीत जाळला गेला. ब्राझीलने १९३१ पासून पुढे कॉफीची कोट्यवधी पोती जाळली वा समुद्रात लोटली. रूझवेल्ट यांच्या सरकारने तर १९३३ साली भाव वर आणण्यासाठी उभा कापूस नांगरून टाकला आणि सुमारे ६० लाख डुकरे मारून टाकली. अन्न होते, भूक होती. मध्ये जो पैसा असावा लागतो तो नव्हता. शेती कमी करण्यासाठी जमीनमालकाला जी भरपाई मिळाली, ती दक्षिणेतील वाटेकरी कुळांपर्यंत, त्यातही कृष्णवर्णीय कुळांपर्यंत, क्वचितच पोहोचली. उलट शेत पडीक ठेवायचे म्हणून त्यांनाच झोपडीबाहेर काढले गेले. संकटात साहाय्य कोणाच्या हातून वाटले जाते यावर ते कोणाला मिळणार हे ठरते, ही गोष्ट काही अमेरिकेपुरती खरी नाही.

१९३३ च्या आरंभी अमेरिकेत दर चार कष्टकऱ्यांमागे एक बेकार होता. संख्या १ कोटी ३० लाखांच्या घरात. शिकागोत शिक्षकांना महिनोन् महिने पगार मिळाला नाही, तरी ते शाळेत जात राहिले. पत्रे, खोकी आणि डांबरी कागद जोडून उभ्या केलेल्या वस्त्यांना लोकांनी ‘हूव्हरव्हिल’ असे नाव दिले. मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना सीमेपार धाडण्यात आले, त्यांत अमेरिकेतच जन्मलेली मुलेही होती. १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसले. १९४५ साली मिळावयाचा भत्ता आताच द्या, एवढीच त्यांची विनंती होती. २८ जुलै रोजी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन लष्कराने आपल्याच जुन्या शिपायांना हुसकून लावले आणि त्यांच्या झोपड्यांची राख झाली.

पण बेकारीची सर्वांत खोल जखम आकड्यांत वा दंगलीत दिसत नाही. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे छोटे गाव होते. सारे गाव एका गिरणीवर जगणारे. गिरणी बंद झाली आणि जवळजवळ प्रत्येक घरातली मिळकत थांबली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ मध्ये त्या गावात राहून जे टिपले ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. हाताला काम नाही म्हणजे वाचायला, सभासंमेलनांना, राजकारणाला वेळच वेळ, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडले उलटे. ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. पुरुषांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले. संशोधकांनी खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चालण्याची गती मोजली. पुरुष संथ झाले होते, रस्त्यात विनाकारण थबकत होते. स्त्रिया मात्र भराभर चालत होत्या. चूल, धुणे, ठिगळे, मुले यांतून त्यांना बेकारी कोणी दिली नव्हती! दिवसभरात काय केले असे विचारल्यावर पुरुषांना सांगण्यासारखे काही आठवत नसे. उपाशी माणसे क्रांती करतात, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी मारिएनथाल वाचावे. तिथे माणसे आतून विझत गेली.

आणि विझलेल्या माणसांच्या देशात ठिणगी घेऊन कोणी आला की काय होते, ते शेजारच्या जर्मनीने दाखवले. १९२८ साली हिटलरच्या पक्षाला संसदेत १२ जागा होत्या. हाइनरिश ब्रूनिंग यांच्या सरकारने मंदी असतानाच खर्च छाटले, वेतने कापली, कर वाढवले; बेकारांची संख्या १९३२ च्या आरंभी ६० लाखांवर गेली. सप्टेंबर १९३० मध्ये १२ च्या १०७ जागा झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

या साऱ्या पडझडीकडे बोट दाखवून ‘भांडवलशाहीचा अंत जवळ आला, बघा रशियात बेकार कसे कोणी नाहीत’ असे सांगणारे विद्वान तेव्हा पश्चिमेत उदंड होते. हजारो अमेरिकन कामगारांनी सोव्हिएत रशियात नोकरीसाठी अर्ज केले. त्याच १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या राजवटीने शेतकऱ्यांच्या कोठारातून धान्य खरवडून नेले, त्यातले काही परदेशी विकले आणि युक्रेन, कझाकस्तान व इतरत्र लाखो माणसे भुकेने मेली. एका बाजूला पैशाच्या पावित्र्यासाठी, दुसऱ्या बाजूला योजनेच्या पूर्ततेसाठी. बळी दोन्हीकडे शेतकऱ्याचाच पडला.

हिंदुस्थान या कथेत कुठे बसतो? पाठ्यपुस्तके साधारणतः एका परिच्छेदात सांगतात, की शेतीप्रधान असल्याने भारताला महामंदीची झळ कमी बसली. उत्पादनाचे आकडे पाहिले तर हे खरे वाटते. गिरणीला कुलूप लावता येते; शेताला लावता येत नाही. भाव पडला म्हणून कुणबी पेरायचा थांबला नाही, म्हणून उत्पादन घटले नाही आणि बेकारी मोजायला कोणी आले नाही. पण १९२८ ते १९३४ या काळात गव्हाचा भाव निम्म्यावर आला, बंगालच्या तागाचा भाव ६० टक्क्यांहून अधिक पडला, देशाची आयात-निर्यात जवळजवळ निम्मी झाली. ग्रामीण कर्जाचा अंदाज १९२९-३१ च्या बँकिंग चौकशी समितीने सुमारे ९०० कोटी रुपये असा दिला होता. आयोवातले गणित इथे लावून पाहावे. भाव निम्मे झाले, म्हणजे आकडा तोच राहूनही ते ओझे १,८०० कोटींचे झाले. त्यावरचे व्याज वेगळे आणि शेतसारा वेगळा. सारा रोख रुपयात ठरलेला. रयतवारी मुलखात जमाबंदी एकदा झाली की साधारण तीस वर्षांची. तेजीच्या काळातील भाव धरून बसवलेला सारा मंदीच्या भावात भरायचा होता.

आणि इथे परकीय सत्तेचा एक निर्णय आड आला, ज्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे १६ पेन्स होती. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने ती १८ पेन्स करण्याची शिफारस केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. दोन पेन्सांनी असे काय बिघडते? एका पौंडाला मिळणाऱ्या मालाचे १६ पेन्सांच्या दराने १५ रुपये होत. १८ पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस, ताग, गळिताची धान्ये परदेशी धाडणाऱ्या देशात ही वजाबाकी फिरत फिरत अखेर शेताच्या बांधावर येऊन थांबते. उलट विलायतेत पेन्शन आणि व्याज पाठवणाऱ्या सरकारला आता कमी रुपये लागत, आणि लँकेशायरचे कापड इथे स्वस्त पडे. आयोगावर असलेले मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी या दराविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. तिचा उपयोग झाला नाही. मंदी आली तेव्हा हा चढा दर टिकवण्यासाठी सरकारने देशातील चलन आवळले. भाव जगभर पडत होते. इथे ते पाडण्यास सरकारचाही हात लागला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मीठकराबरोबर रुपयाचा दर पुन्हा १६ पेन्स करावा आणि शेतसारा निम्म्याने कमी करावा, याही होत्या. मीठ साऱ्यांच्या लक्षात राहिले. दोन पेन्स विस्मरणात गेले. सत्याग्रहाला खेड्यापाड्यांतून जो प्रतिसाद मिळाला त्यामागे पडत्या भावांचाही रेटा होता, हे जर्मन इतिहासकार डिटमार रॉदरमुंड यांनी दाखवून दिले आहे.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडले तेव्हा रुपया मोकळा होण्याची संधी होती. लंडनने ती दिली नाही. रुपया त्याच १८ पेन्सांनी स्टर्लिंगला बांधून ठेवला गेला. स्टर्लिंगबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरला, त्याचा थोडा आधार झाला हे खरे. पण परिणाम आणखी एक झाला. सोन्याचा भाव तोळ्याला सुमारे २१ रुपये होता तो चढू लागला आणि पुढे तिसाच्या वर गेला. धान्य, कापूस, गूळ, सारे मातीमोल. किंमत येत होती ती एकाच वस्तूला. घराघरांत पिढ्यान् पिढ्या साठलेले ते आपद्धन बाहेर निघाले. पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ, सासूने सुनेला घातलेली बोरमाळ, सारे सराफाच्या तराजूत पडले. जे मोडले गेले ते बहुतांशी स्त्रीधन होते. मोडलेले सोने आडत्यामार्फत मुंबईच्या सराफ बाजारात येई, तिथे आटवले जाई आणि लगडींच्या रूपात बोटीवर चढे. शतकानुशतके जगातून सोने आत घेणारा हा देश प्रथमच ते बाहेर ओतू लागला. १९३१-३२ पासून १९३६-३७ पर्यंतच्या सहा वर्षांत सुमारे ३०० कोटी रुपयांचे सोने गेले. निर्यातीवर बंदी घाला, निदान सरकारनेच ते विकत घेऊन राखीव गंगाजळीत ठेवा, अशी मागणी भारतीय व्यापारी आणि नेते कंठशोष करून मांडत होते. सरकारचे उत्तर ठरलेले होते, की लोक चांगला भाव आला म्हणून स्वखुशीने नफ्यात विकत आहेत. काही व्यापाऱ्यांनी तसे केलेही असेल. पण साऱ्याचा हप्ता भरण्यासाठी गळ्यातले उतरवून देणाऱ्या बाईच्या व्यवहाराला नफा म्हणणे, हे दप्तरी भाषेलाच जमते. या सोन्याने लंडनला आपली पत सावरता आली. भारतीय सोन्याच्या या ओघाने जगाच्या अर्थव्यवस्थेला उभारी मिळाली, असे मत जॉन मेनार्ड केन्स यांनीही व्यक्त केले होते. जग सावरले, ज्या घरातून ते सोने गेले तिथे पुढच्या दुष्काळासाठी मोडायला काही उरले नाही.

वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्याला तर आणखी एक फटका बसला. आपल्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपान. १९३३ च्या जूनमध्ये सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली, पण मधला हंगाम गेला तो गेलाच. त्याच वर्षी मुंबईत पगारकपातीविरुद्ध गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. आणि जो कोकणातून, घाटावरून आला होता त्याची गावाकडे जाणारी मनीऑर्डर आधीच रोडावलेली होती. मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज समेट कायदा आला, मुंबई इलाख्यात शेतकी कर्जदारांच्या साहाय्याचा कायदा यायला १९३९ उजाडले. तोवर दशक संपले होते आणि कित्येकांच्या जमिनी सावकाराच्या नावे चढून त्या जमिनींवर तेच शेतकरी कुळे म्हणून राबत होते.

अमेरिकेने निदान आपल्या चुकीचा हिशेब मांडला. १९३३ साली ठेवींना विमा आला, १९३५ साली वृद्ध व बेकारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. १९६३ मध्ये मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी फेडरल रिझर्व्हच्या निष्क्रियतेवर बोट ठेवणारा ग्रंथ सिद्ध केला, आणि २००२ मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या समारंभात त्याच मध्यवर्ती बँकेचे एक गव्हर्नर बेन बर्नांकी यांनी भर सभेत दोष कबूल केला. तसे पुन्हा होऊ देणार नाही, असे आश्वासनही दिले. २००८ साली ते स्वतः त्या बँकेच्या प्रमुखपदी होते. त्यांनी बँकव्यवस्था कोसळू दिली नाही, पैसा आटू दिला नाही, आणि महामंदी टळली. कर्ज काढून घर घेतलेल्या लाखो अमेरिकन कुटुंबांची घरे मात्र तेव्हाही गेली. बँका वाचल्या, वहीतला आकडा याही खेपेस तसाच राहिला.

आणि १८ पेन्सांचा तो दर? मंदी गेली, महायुद्ध आले, सत्तांतर झाले, फाळणी झाली. १९४९ मध्ये स्टर्लिंगचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर उतरवून ते प्रमाण जसेच्या तसे राखले गेले. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, हे गणित ६ जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकले.